हळदीच्या पाकिटाची खिडकी: मार्च ते जुलै २०२५ च्या नोंदी

आमचा सहा जणींचा गट आहे, सांगलीजवळच्या गावात. घरची आणि शेजारपाजारची सेलम जातीची हळद घेतो, कांडून पाकिटं भरतो आणि मिरज, तासगाव, इस्लामपूरच्या दुकानात देतो. वर्षाला साडेसहा हजार पाकिटं, २०० ग्रॅमची. यंदा पाकिटामुळं चार महिने डोक्याला ताप झाला, म्हणून वहीत टिपत गेले तेच इथं टाईप करतेय. कुणी हळद, तिखट असलं काही खिडकीच्या पाऊचमधे भरणार असेल तर आधी वाचा, मग ऑर्डर द्या.

४ मार्च

तासगावच्या अण्णांचा फोन. "वहिनी, तुमची हळद पांढरी पडलीय, गिऱ्हाईक म्हणतंय पीठ मिसळलंय." पीठ! ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी गेले, ४० पैकी २२ पाकिटं परत घेऊन आले.

आमचं पाऊच म्हणजे उभं राहणारं, झिपवालं, बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर आत एलडी (साध्या पिशवीचं मऊ पॉलिथिन), आणि समोर हळदीच्या पानाच्या आकाराची पारदर्शक खिडकी. खिडकी मीच मागून घेतली होती, माल दिसला की खपतो म्हणून. दर ४ रुपये ८० पैसे, एकदम ३,००० घेतले होते, आज मोजले तर २,१५० शिल्लक. म्हणजे १०,३२० रुपये कपाटात पडून आहेत.

पाकीट कात्रीनं कापून अलगद उघडलं तर आत हळदीवर फिकं पान उमटलेलं, अगदी छापा मारल्यासारखं. चमच्यानं वरचा थर सरकवला की खाली पिवळीधमक.

९ मार्च

पाच दिवस वाया घालवले. मला वाटलं कांडताना हळद तापली असणार, म्हणून परत थोडी थोडी करून थंड होऊ देत कांडली, कांडपवाल्याशी भांडले पण. मग वाटलं ओल धरली. खरं तर पानाचा आकार समोर दिसत होता, तो बघूनच कळायला पाहिजे होतं, पण पीठ हा शब्द डोक्यात इतका बसला होता की दुसरं सुचलंच नाही.

कळलं ते थोरल्या जाऊबाईंमुळं. म्हणाल्या, अगं लग्नातल्या हळदीच्या साडीचे डाग कसे काढतो आपण? साबण लावून उन्हात टाकायची, दुपारपर्यंत डाग गायब. हळदीला ऊन सोसत नाही हे तुला माहीत नाही व्हय?

माहीत होतं. पाकिटातली हळद पण हळदच असते हे लक्षात आलं नाही. अण्णांचं दुकान पश्चिमेला तोंड करून, पाकिटं दारातल्या हुकांना लटकवलेली, दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तोंडावर ऊन. आतल्या फळीवरची १८ पाकिटं चांगली होती, ती त्यांनी परत दिलीच नव्हती.

१२ मार्च

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला काकी यूव्ही (उन्हातला जांभळ्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) अडवणारं प्लास्टिक मिळतं, त्याचं पाऊच करू. मुंबईच्या एका पुरवठादाराला फोन केला, त्यानं कुरियरनं चार प्रकारच्या फिल्मचे तुकडे पाठवले, फुकट. त्यातला एक "यूव्ही प्रोटेक्ट", दिसायला साध्या पारदर्शकसारखाच.

तपासायला नोटा बघायची जांभळी टॉर्च आणली, २४० रुपये. स्टीलच्या वाटीत पाण्यात कपडे धुवायची पावडर विरघळवायची आणि अंधारात टॉर्च मारायची, पाणी निळं चमकतं. मधे फिल्म धरायची, चमक गेली तर फिल्म यूव्ही अडवते. साधी फिल्म धरली, चमकलं. यूव्हीवाली धरली, तरी चमकलं! जरा कमी असेल नसेल.

मी लगेच पुरवठादाराला फोन लावला आणि फसवताय होय म्हणून चांगलं सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम टॉर्च किती नॅनोमीटरची आहे? टॉर्चवर बारीक अक्षरात ३९५ लिहिलेलं. (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप, ४०० च्या खाली यूव्ही.) तो म्हणाला आमच्या फिल्मचं काम ३८० च्या आसपास संपतं, ३९५ तिच्यातून जाणारच, ३६५ ची आणा. पुतण्यासमोर माफी मागावी लागली.

हे लिहिलं कारण बाजारात स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ च्याच असतात. यूव्ही फिल्म तपासायला त्या कामाच्या नाहीत.

१९ मार्च

३६५ ची टॉर्च आली, काळ्या काचेवाली, ९५० रुपये. परत तोच वाटीचा खेळ. (हिच्याकडं सरळ बघू नका, उजेड कमी दिसतो म्हणून निरुपद्रवी वाटते पण डोळ्याला वाईट.)

एलडीची साधी पिशवी धरली तर काहीच फरक नाही, पाणी तसंच चमकतं. आमच्या पाऊचची खिडकी धरली, थोडाच फरक. पेटची (पाण्याच्या बाटलीचं असतं ते प्लास्टिक) बरणी, तेच. खिडकीच्या तावदानाची काच, तेच. यूव्हीवाली फिल्म धरली आणि चमक एकदम विझली. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली धरली, विझली.

"पेट प्लास्टिक यूव्ही अडवतं" असं मला दोघा तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते अर्धवट खरं आहे. साधारण ३१५ नॅनोमीटरच्या खालचं, म्हणजे कातडी भाजणारं जे असतं ते पेट अडवतं, पण ते तर दुकानाची काचपण अडवते. ३१५ ते ४०० मधलं जे जास्त प्रमाणात खाली येतं ते दोन्हीतून आरामात आत. त्यामुळं काचेच्या कपाटात पेटच्या बरणीत ठेवलं म्हणजे दोनदा संरक्षण झालं असं नाही, दोन्ही पहारेकरी एकाच दारावर बसलेत आणि दुसरं दार उघडं.

२२ मार्च

स्लॅबवर चाचणी लावली. एकाच घाण्यातली हळद सहा पाकिटात, प्रत्येकाला वेगळी खिडकी: साधी, यूव्ही फिल्म, तपकिरी फिल्म, एक पूर्ण चंदेरी मेटलाइज्ड (धातूचा पातळ थर दिलेलं) पाऊच, एक साधंच पण काळ्या कागदात गुंडाळलेलं, आणि एक घरात कपाटात.

२७ मार्च

फसलं. काळ्या कागदातलं पाकीट दुपारी हातात धरवेना इतकं तापत होतं, आतल्या हळदीचा वास बदलला आणि रंग जरा गडद झाला. आता हा उन्हाचा परिणाम की उष्णतेचा काय कळणार? ज्याच्याशी तुलना करायची तेच बिघडलं.

दुसरी चूक फोटोची. रोज प्रत्येक पाकिटाचा वेगळा फोटो काढत होते आणि मोबाईल रोज स्वतःच्या मनानं रंग ठरवत होता. सकाळचा फोटो निळसर, संध्याकाळचा केशरी, फिकं पडलेलं पाकीट फोटोत ताजं दिसतंय. पाच दिवसांचे फोटो पुसून टाकले.

२९ मार्च, परत पहिल्यापासून

यावेळी काळ्या कागदाऐवजी स्वैपाकाचं फॉइल गुंडाळलं, ते ऊन परत फेकतं म्हणून तापत कमी. सगळी पाकिटं एका पांढऱ्या फळीवर ओळीनं, आणि फोटो एकाच फ्रेममधे, रोज सकाळी आठला सावलीत, शेजारी कोरा कागद. मोबाईलनं रंग बदलला तरी सगळ्यांचा सारखाच बदलेल. पाकिटं हलवायची नाहीत असं पोरांना बजावलं, कारण हलवलं की थर मिसळतो आणि काहीच दिसत नाही. चिकटपट्टीनं फळीला चिकटवलीच शेवटी.

८ एप्रिल

दहा दिवस झाले. साध्या खिडकीची हळद दुसऱ्या संध्याकाळीच उतरायला लागली होती, आज बेसनासारखी दिसतेय. यूव्ही फिल्मवाली पाचव्या सहाव्या दिवशी कळण्याइतकी फिकी झाली, आज मधल्या रंगाची आहे. तपकिरीत मला फरक दिसत नाही, जाऊबाईंना थोडा दिसतो, त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मेटलाइज्ड आणि फॉइल, दोन्ही जशीच्या तशी.

यूव्ही फिल्मवर माझी फार आशा होती त्यामुळं जरा नाराजच झाले. पुतण्यानं कारण सांगितलं ते मात्र एकदा ऐकल्यावर डोक्यात बसलं. हळद पिवळी दिसते कारण तिच्यातलं करक्युमिन निळा जांभळा उजेड गिळतं, सगळ्यात जास्त ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. तो काही यूव्ही नाही, साधा डोळ्याला दिसणारा उजेड आहे. आणि जो उजेड गिळते त्यानंच तिचा रंग मोडतो. यूव्ही फिल्म ३८० पर्यंत अडवणार आणि पुढचा सगळा मोकळा सोडणार, नाहीतर ती पारदर्शक दिसलीच नसती. तपकिरी फिल्म निळा पण अडवते म्हणून चालली.

म्हणजे हळदीपुरतं "यूव्ही प्रूफ" पाकीट हे अर्धंच उत्तर आहे. ज्या मालाला नुसत्या यूव्हीचाच त्रास आहे त्याला ही फिल्म चालेलही, पण तुमचा माल त्यातला आहे का हे दहा दिवस स्लॅबवर ठेवून बघा, पुरवठादाराच्या कागदावर जाऊ नका. त्याचा कागद खोटा नसतो, तो फक्त फिल्मबद्दल असतो.

१२ एप्रिल

हा खर्च मूर्खपणाचा. फिकं पडलेलं एक आणि चांगलं एक, अशी दोन पाकिटं खासगी लॅबला करक्युमिन तपासायला दिली होती, ३,००० रुपये. रिपोर्ट आला, दोन्हीत नाव घेण्यासारखा फरक नाही. आधी वाटलं लॅब चुकली. मग समजलं की ते पाकीट रिकामं करून सगळं मिसळून त्यातलं थोडं घेतात, आणि आपली फिकी हळद म्हणजे खिडकीला चिकटलेला नखाएवढ्या जाडीचा थर. २०० ग्रॅममधे तो कुठं दिसणार.

नुसता थर खरवडून द्यायला पाहिजे होता. सहा पाकिटं खरवडली तर तीन चमचे निघाली. परत पैसे घालायची हिंमत झाली नाही, सोडून दिलं.

पण एक कळलं, माल खराब झालेला नाही. एफएसएसएआयचा (अन्नाचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियम हळद पावडरीत करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि त्याची भावंडं) २ टक्क्यांच्या खाली नको असा आहे, दोन्ही पाकिटं त्याच्या बरीच वर. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, वहिनी मला पटलं, पण हा रिपोर्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवू का?

१८ एप्रिल

आज काम काही नाही. सासऱ्यांना हा सगळा खटाटोप दाखवला. ते तरुणपणी हरिपूरच्या पेवांवर हमाली करायचे. जमिनीत खोल खणलेली पेवं, वरून तोंड बंद केलं की आत ना उजेड ना हवा, हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, बाहेर काढली की रंग उलट चढलेला वाटायचा म्हणतात. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. माझं चंदेरी पाऊच हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, हे पेवच की.

२४ एप्रिल

तपकिरी खिडकीचे ५० तयार पाऊच मिळाले, ६ रुपयाला एक. भरून मिरजेच्या दोन दुकानात ठेवले. आठवड्यात चार गेले. तपकिरी खिडकीतून पिवळी हळद बघितली की ती कांदा लसूण मसाल्यासारखी दिसते. एका बाईंनी तर जुनी आहे का विचारलं. रंग राखायला खिडकी घेतली आणि खिडकीनंच रंग घालवला. बंद.

५ मे

तरी यूव्ही फिल्मचा भाव काढलाच, उन्हात न ठेवणाऱ्या दुकानांना तेवढं पुरेल असं वाटत होतं. किमान ऑर्डर ३०० किलो फिल्म. आमचं एक पाऊच साधारण ६ ग्रॅमचं, म्हणजे ५०,००० पाऊच, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं. फोन ठेवला.

१४ मे

मेटलाइज्ड, बिनखिडकीचे, कोरे झिप पाऊच ५ रुपये ६० पैसे, वर आमचं लेबल १ रुपया १० पैसे. ५०० घेतले. पुरवठादाराकडून अन्नासाठी चालतं याचा मायग्रेशन टेस्टचा (प्लास्टिकमधलं काही अन्नात उतरतं का याची तपासणी) कागद मागून घेतला, आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे केलेला, तो मागायला लाजू नका.

सीलिंगनं रडवलं. आमचा बँड सीलर (फिरत्या पट्ट्यावर पाऊचचं तोंड तापवून बंद करणारं मशीन) १४५ डिग्रीवर लावलेला असतो, त्याच सेटिंगवर भरली आणि दुसऱ्या दिवशी दाबून बघितलं तर फुस्स. एक नाही, ओळीनं. नवं पाऊच जाड आहे, त्याला उष्णता आत पोचायला वेळ लागतो. पाच पाच डिग्रीनं वाढवत आणि पट्ट्याचा वेग कमी करत १६५ ला जमलं. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा येईल. तरीही मधेच एखादं सुटत होतं, ते का हे शोधण्यात अख्खी दुपार गेली: भरताना हळद उडून तोंडाच्या आतल्या बाजूला बसते आणि धुळीवर सील धरत नाही. लांब नळीचं स्टीलचं नरसाळं आणलं, ते झिपच्या खालपर्यंत घालून भरायचं आणि सील करायच्या आधी कोरड्या फडक्यानं तोंड पुसायचं. एकूण ६२ पाऊच वाया.

२२ मे

वळीव म्हणावा तर थांबायचं नाव नाही, मे महिन्यात पावसाळा सुरू झाल्यासारखं. दुसरी चाचणी स्लॅबवर लावलेली ती वाहून गेली, फळीसकट.

घरात बसून चंदेरी पाऊच अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितले. धातूचा थर इतका पातळ असतो की दिव्याचा ठिपका अंधुक दिसतोच, त्यानं घाबरू नका. पण घडी पडलेल्या जागी सुईच्या टोकाएवढे लख्ख ठिपके दिसले. रंगासाठी ते काहीच नाहीत, ओलीसाठी मात्र बरे नव्हेत, आणि आता चार महिने पावसाचे. गठ्ठे दुमडून ठेवायची सवय बंद केली, खोक्यात आडवे सपाट ठेवतो.

३० मे

दुकानदार एकजात एकच बोलतात, माल दिसत नाही. इस्लामपूरच्या एकानं चंदेरी पाकिटं घ्यायला सरळ नाही म्हटलं. आणि कपाटात ते २,१५० खिडकीवाले आहेतच. मग ठरलं, जुन्याच पाऊचच्या खिडकीवर स्टिकर लावायचा, वरची कड चिकटलेली आणि खालची मोकळी, उचलून बघायचं आणि सोडायचं.

पहिला स्टिकर साधा पांढरा कागदी, ९० पैसे, नमुन्याला १०० घेतले. उन्हात धरला तर मागचं बोट दिसतंय! पांढरा म्हणजे बंद असं मी धरून चालले होते. प्रिंटरकडंच तोडगा निघाला, मागून करड्या थराचा स्टिकर मिळतो, जुन्या छपाईवर नवं लेबल मारायला वापरतात तो, त्यातून खालचं काही दिसत नाही. १ रुपया ३० पैसे. १,८०० सांगितले, म्हणजे २,३४० रुपये.

६ जून

लावलेले स्टिकर गळायला लागले. भरल्यानंतर लावत होतो, पाऊचवर हळदीची धूळ, गोंद धुळीला चिकटला आणि धुळीसकट सुटला. आता कोऱ्या पाऊचला आधी स्टिकर, मग भरणं. यात ६० स्टिकर गेले.

२० जून

नवीनच दुखणं. लोक स्टिकर उचलतात, बघतात, आणि तसाच वर मुडपून ठेवतात. दहा लोकांनी बघितलं की तो खाली बसायचं नावच घेत नाही. अण्णांनीच शक्कल काढली, एका पाकिटाचा स्टिकर पूर्ण काढून ते पुढं टांगलं, बाकीच्यांना हात लावू देत नाहीत. ते एक पाकीट आम्ही पंधरा दिवसांनी बदलून देतो, जुन्यातली हळद आमच्या घरात आमटीत जाते.

मोकळी कड पण रद्द, आता स्टिकर चारी बाजूंनी चिकटवतो.

१५ जुलै

तासगावला जाऊन आले. ७ जूनला टांगलेली पाकिटं त्याच हुकावर, पावसाळा असला तरी जूनअखेरीस बरंच ऊन होतं असं अण्णा म्हणाले, पण मार्चच्या उन्हाची बरोबरी नाही हे धरून चला, खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. सहा पाकिटं उघडली, पाच एकसारखी पिवळी. सहाव्याचा स्टिकर लावताना कुणाचा तरी हात सरकलेला, खिडकीची डावी कड दोन तीन मिलिमीटर उघडी राहिली होती, आणि आत हळदीवर तेवढीच, नखानं ओढल्यासारखी, पानाच्या कडेची फिकी रेघ.

आतापर्यंत गेलेले पैसे जोडले: टॉर्च दोन ११९०, लॅब ३,०००, तपकिरी पाऊच ३००, वाया गेलेले चंदेरी लेबलसकट ४१५, कांडप परत केल्याचे ४५०, पांढरे स्टिकर ९०, करडे २,३४०. सगळे मिळून ७,७८५. आमचा वेळ धरलेला नाही.

खिडकीवाले १,३१० उरलेत, स्टिकर ९०० आहेत. प्रिंटरला उद्या फोन करायचा, आणि यावेळी स्टिकर चारी बाजूंनी पाच मिलिमीटर मोठा सांगायचा.